बंदिश न गाताच रंगलेला वाद

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी आयुष्यभर गाणं शिकवलेल्या एका सरांचा नागरी सत्कार ठरला, आणि पत्रिकेवर त्यांच्या नावाखाली काय छापायचं यावरून समितीत दोन तट पडले. सरांनी शिकवता शिकवता पुष्कळ बंदिशी, म्हणजे राग-तालात बांधलेल्या छोट्या रचना, केल्या आहेत. एका गटाचं म्हणणं, ‘गायक व बंदिशकार’ असं छापा. दुसऱ्या गटाला ‘ज्येष्ठ संगीत शिक्षक’ एवढंच पुरेसं वाटतं. बंदिशकार म्हणायचं तर कोणत्या नामवंत गायकाने त्यांची बंदिश मैफलीत गायली ते दाखवा, असा त्यांचा सवाल. त्यावर पहिल्या गटाचं उत्तर ठरलेलं: आपल्या मातीतला माणूस आहे, आपणच मान दिला नाही तर पुण्या-मुंबईचे देणार आहेत का? वाद समितीबाहेर आला आणि जळगाव, अमळनेर, धुळ्याच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत चांगलाच रंगला. कोणी सरांच्या विद्यार्थ्यांचे परीक्षांचे निकाल काढले, कोणी त्यांच्या आकाशवाणीच्या श्रेणीची चौकशी केली, कोणी त्यांच्या गुरूंचं घराणं ‘शुद्ध’ होतं का इथपर्यंत गेलं. एवढ्या बोलण्यात सरांची एक बंदिश मात्र कोणी म्हणून दाखवली नाही. विरोधकांनी नाही आणि समर्थकांनीही नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वर्ग चालवत, पोरांच्या गळ्यांकडे बघत बंदिशी रचणारा माणूस रचनाकारच असतो. त्याला शिक्षक म्हणणं योग्यच आहे, पण शिक्षक आहे म्हणून त्याचं रचनाकारपण नाकारणं चूक आहे. आपल्या संगीतात ही दोन कामं दोन वेगळ्या माणसांची होती असा काळ शोधूनही सापडायचा नाही. मात्र हा मान गावाच्या अभिमानापोटी वाटायचाही नसतो. रचना बघून, गाऊन, तिच्यातलं जमलेलं-फसलेलं वेगळं काढून तो द्यायचा किंवा नाकारायचा असतो. ‘मोठ्या माणसाने गायली का?’ आणि ‘आपला माणूस आहे’ ही दोन्ही वाक्यं रचनेकडे ढुंकूनही न बघता बोलता येतात. म्हणूनच ती इतकी सोयीची आहेत.

विरोधकांच्या म्हणण्यात दम नाही असं मात्र कोणी समजू नये. बंदिश ही कागदावर पूर्ण होणारी गोष्ट नाही. मुखडा (बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, किती ऐटीत येतो, तालाच्या दहाव्या आवर्तनातही त्यातून काही नवं निघतं का, अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) घेतल्यावर रागाची दुसरी बाजू उजळते का की आधीचंच वरच्या सप्तकात उगाळलं जातं, हे कसलेल्या गळ्यात पडल्याशिवाय कळत नाही. आज आपण ऐकतो त्या जुन्या बंदिशी कितीतरी पिढ्यांच्या गळ्यांतून घासून आल्या आहेत. ज्या टिकण्याजोग्या नव्हत्या त्या वाटेत गळाल्या. अशा गाळून आलेल्या चिजा हाताशी असताना कालपरवा लिहिलेली बंदिश मुलांना का शिकवायची, हा प्रश्न उद्धट नाही. मैफल ही कसोटी आहे हेही मला मान्य आहे. माझी तक्रार एवढीच की तिला एकमेव कसोटी कोणी केलं?

ख्यालाच्या, म्हणजे आज मैफलीत मुख्यतः गायल्या जाणाऱ्या गानप्रकाराच्या, इतिहासाने तरी केलेलं नाही. अठराव्या शतकात मुहम्मदशाह रंगीलेच्या दरबारात नियामत खाँ होते, म्हणजे आपले सदारंग. कोणत्याही घराण्याच्या गवयाला त्यांचे ख्याल चुकत नाहीत. परंपरा असं सांगते की हे ख्याल त्यांनी शिष्यांना शिकवले; स्वतः त्यांनी आणि घरच्यांनी धृपद आणि बीन सोडली नाही. अशा गोष्टी जशाच्या तशा इतिहास म्हणून घेऊ नयेत, पण गवयांच्या पिढ्यांनी ही गोष्ट एकमेकांना सांगताना त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही, हे लक्षात घ्यायला हवं. रचणारा एक, गाणारे दुसरे, आणि दोघांच्या मध्ये शिकवणं, ही रीत त्यांना सवयीची होती. पुढे रागशास्त्राचे अभ्यासक विष्णु नारायण भातखंड्यांचं बघा. माणूस पेशाने वकील, मैफलीचा गवई नव्हे. पण रागाचे नियम रागातच बांधून दाखवणारी, ‘चतुर’ मुद्रेची (मुद्रा म्हणजे रचनेत गुंफलेलं टोपणनाव) त्यांची लक्षणगीतं गेली शंभर वर्षं विद्यार्थी म्हणतायत. ती निव्वळ अभ्यासाची सोय आहेत असं म्हणणाऱ्याने एखादं लक्षणगीत स्वतः रचून बघावं. वादी-संवादी (रागातले मुख्य स्वर), वर्ज्य (न लागणारे) स्वर, गाण्याची वेळ हे सगळं शब्दांत सांगायचं आणि ते शब्द ज्या स्वरांवर पडतात त्यांनीही तेच सांगायचं. शिवाय ते गाण्यासारखं लागलं पाहिजे.

भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर हे तर आपल्या सरांच्या वादातलं थेट उदाहरण. फैयाज खाँसाहेबांकडे शिकलेला माणूस, पण मैफलीच्या दुनियेत खाँसाहेबांइतकं नाव त्यांना कधी मिळालं नाही. आयुष्याची उमेदीची वर्षं गेली ती लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून. १९२६ साली मॅरिस कॉलेज या नावाने निघालेली ही संस्था त्यांनी सांभाळली, वेळापत्रकं आखली, परीक्षा घेतल्या, आणि या सगळ्या धबडग्यात ‘सुजान’ मुद्रेच्या शेकडो बंदिशी रचल्या. त्यांच्या पत्रिकेवर काय छापलं असतं? गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी या शिष्यांनी त्या बंदिशी गायल्या, त्यांच्या शिष्यांनी गायल्या आणि मग कुठे ‘सुजान’ हे नाव मैफलीत ऐकू येऊ लागलं. मुंबईत शिकवण्या करणारे जगन्नाथबुवा पुरोहित, ‘गुणीदास’, यांची गोष्ट याहून वेगळी नाही. बुवांनी बांधलेला जोगकंस राग आज कोणत्याही मोठ्या गवयाच्या गाण्यात येतो. तो तिथे पोचला तो बुवांच्या शिष्यमंडळींमुळे. राम मराठे, माणिक वर्मा, जितेंद्र अभिषेकी, सी. आर. व्यास अशी ती मंडळी होती. आणि अलाहाबाद विद्यापीठात शिकवणारे रामाश्रेय झा, ‘रामरंग’, यांनी तर आपल्या बंदिशी रागचर्चेसह पाच भागांत छापूनच ठेवल्या, त्यामुळे ज्यांनी त्यांना कधी पाहिलंही नाही असे लोक त्या गातात.

यावर समितीतले एक गृहस्थ मला म्हणाले, ही सगळी लखनौ-अलाहाबाद-मुंबईची नावं झाली, तालुक्याच्या गावाशी त्यांची बरोबरी कशी करता? बरोबरी मी करत नाहीच. दर्जाबद्दल मी अजून एक शब्दही बोललेलो नाही. मी रस्त्याबद्दल बोलतोय. बंदिश प्रवास करते ती शिष्याच्या गळ्यातून किंवा छापील पानावरून. रातंजनकरांचे शिष्य गाण्यातच राहिले. आपल्याकडचा विशारद झालेला मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला जातो, मुलगी लग्न होऊन सुरतेला किंवा नाशिकला जाते, आणि सरांची बंदिश तिच्या वहीत शाई फिकी पडेस्तोवर बसून राहते. छापील पुस्तक तर नाहीच. अशा परिस्थितीत ‘नामवंताने गायली का?’ या प्रश्नाचं उत्तर नकारार्थी येणार हे आधीच ठरलेलं आहे. त्या उत्तरातून बंदिशीची प्रत कशी काय कळते? फार तर आपल्या गावाला बाहेर जायचा रस्ता नाही एवढं कळतं.

खानदेशाची एक खोड इथे सांगायलाच हवी. जे इथून गेले त्यांचा आपल्याला फार अभिमान, आणि जे इथे राहिले त्यांची ओळख करून द्यायला आपण संकोचतो. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव आहे, त्यांच्या नावाने महोत्सव होतो, आणि ते योग्यच आहे. नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, लहानपणी जळगावात राहिले आणि इथल्या मेहबूब खाँ यांच्याकडे गाणं शिकले. पुढे भास्करबुवा बखल्यांची तालीम मिळाली, तिच्याबद्दल लोक भरभरून बोलतात. पण त्या मुलाचा सूर पहिल्यांदा जागेवर आणणारा हा माणूस कोण, काय शिकवायचा, त्याने स्वतः काही बांधलं होतं का? महोत्सवाला येणाऱ्या किती श्रोत्यांना त्याचं नाव तरी सांगता येईल? लता मंगेशकरांचं आजोळ तापीकाठचं थाळनेर, हे शिरपूरकडचा शाळकरी मुलगाही अभिमानाने सांगतो. आजीकडून ऐकलेल्या गुजराती गाण्यांचा, गरब्यांचा उल्लेख लतादीदी करत असत. त्या आजीचं गाणं कसं होतं हे थाळनेरला विचारायला गेलं कोणी?

तेच थाळनेर कधीकाळी फारुकी सुलतानांची राजधानी होतं, मग राजधानी बुऱ्हाणपूरला गेली. सोळाव्या शतकात याच खानदेशच्या बुऱ्हाणखान फारुकीच्या आश्रयाला कर्नाटकातून पुंडरीक विठ्ठल नावाचा पंडित आला आणि त्याने ‘सद्रागचंद्रोदय’ हा ग्रंथ लिहिला. दक्षिणेची मेळपद्धती (स्वरांच्या संचांवरून रागांची वर्गवारी) आणि उत्तरेत प्रत्यक्ष गायले जाणारे राग यांची सांगड घालायचा हा एक महत्त्वाचा प्रयत्न होता. नंतर तो आणखी उत्तरेला गेला, तिथेही त्याने ग्रंथ लिहिले. हिंदुस्थानी रागांची व्यवस्था लावण्याचं एवढं मोठं काम ज्या प्रदेशात झालं त्या प्रदेशाच्या आजच्या सांस्कृतिक भाषणांत पुंडरीकाचं नाव निघत नाही. माणूस पंडित, म्हणजे पुन्हा शिकवणारा-लिहिणारा. गवई असता तर कदाचित निघालं असतं. (आणि तो मूळचा इथला नव्हता हेही त्याच्या विरुद्ध जात असेल. मातीचा मुद्दा असा दोन्ही बाजूंनी कापतो.)

आता मुख्य गोष्टीकडे येतो. वर्गासाठी बंदिश रचणं म्हणजे सोपी बंदिश रचणं, हा समज दोन्ही गटांत आहे. समर्थकसुद्धा ‘मुलांसाठी किती सोप्या चाली दिल्यात सरांनी’ असं कौतुक करतात आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात. वर्गात नेमकं काय लागतं? भूपाली घ्या, सगळ्यांचा पहिला राग. पाच स्वर, तेच पाच स्वर देशकारात. फरक सगळा वजनाचा: भूपाली गंधारावर उभा, देशकार धैवतावर. कसलेला गवई बंदिशीत धैवतावर थोडा रेंगाळला तरी पुढच्या आलापात तोल सावरून घेतो. दहा वर्षांच्या मुलीला तो तोल सावरता येत नाही. तिला बंदिश जे शिकवेल तेच तिच्या डोक्यात भूपाली म्हणून बसणार. म्हणजे या बंदिशीला चुकायची मुभा मैफलीतल्या बंदिशीपेक्षा कमी. सम गंधारावर, मुखड्याची चढण षड्जापासून, धैवत लागेल पण तिथे कोणतंही महत्त्वाचं अक्षर बसणार नाही, आणि हे सगळं करून ओळ गुणगुणावीशी वाटली पाहिजे, नाहीतर मुलगी घरी जाऊन ती म्हणणार नाही आणि रियाज होणार नाही.

आवाजांचं बघा. आठवी-नववीत मुलांचे आवाज फुटतात. काल काळी चारमध्ये गाणारा मुलगा आज कुठल्याच पट्टीत बसत नाही. पारंपरिक छोट्या ख्यालाचा अंतरा मध्यमा-पंचमावरून उठून तार षड्जाला जातो आणि तिथून गंधाराला हात लावून येतो. हा मुलगा तिथे फाटतो, वर्गात हशा पिकतो, आणि पुढच्या आठवड्यापासून तो क्रिकेटला जायला लागतो. तालुक्याच्या गावात मुलगे गाण्यातून गळतात ते बहुतेक याच टप्प्यावर. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून मध्य धैवतापर्यंतच फिरेल आणि तरी अंतरा अंतऱ्यासारखा वाटेल अशी बंदिश या मुलासाठी कोणी बांधली आहे? जुन्या संग्रहांत ती सहसा मिळत नाही, कारण त्या चिजा तयार गळ्यांनी तयार गळ्यांसाठी बांधलेल्या आहेत. हे काम वर्गात उभा असलेला माणूसच करू शकतो, कारण गरज त्यालाच दिसते. शब्दांची गोष्ट तीच. सवत, सासू, नणंद आणि रात्रभर न आलेला प्रियकर हे चौथीतल्या पोरीला समजावून सांगताना प्रत्येक गुरुजींची भंबेरी उडालेली आहे. बहुतेक जण ‘तो देव आहे’ असं सांगून वेळ मारून नेतात.

विसाव्या शतकातल्या युरोपातल्या सर्वांत धीट रचनाकारांमध्ये बेला बार्टोक यांचं नाव घेतात. बुडापेस्टच्या अकादमीत ते पियानो शिकवत. १९२६ ते १९३९ या काळात त्यांनी ‘मायक्रोकॉसमॉस’ या नावाने १५३ छोट्या रचना केल्या, अगदी पहिल्या बोटापासून ते पट्टीच्या वादकापर्यंत चढत जाणाऱ्या. पहिले दोन भाग स्वतःच्या मुलाला, पेटरला, शिकवण्यासाठी. त्यातल्या सुरुवातीच्या रचना मैफलीत कोणी वाजवत नाही, म्हणून बार्टोक त्या दिवशी सुट्टीवर होते असं कोणी म्हणत नाही. उलट नवा स्वरविचार मुलाच्या हाताला कसा शिकवावा याचा तो वस्तुपाठ मानतात. हेच बार्टोक रचना शिकवायला मात्र नकार देत. रचना शिकवता येत नाही असं त्यांना वाटे. म्हणजे शिकवणं आणि रचणं यांचं नातं सरळ नाही हे मीही जाणतो. रोज तेच अलंकार घोटून घेताना रचनाकाराची धार बोथट होऊ शकते. किती जणांची झालेली आपण पाहिलेली आहे.

विरोधकांचा सगळ्यात खरा मुद्दा हाच, आणि तो त्यांनी नीट मांडलेला नाही. मैफलीचा आग्रह सोडून त्यांनी असं म्हणायला हवं होतं की शिक्षकांच्या बंदिशींपैकी फार मोठा भाग वाईट असतो. आरोह-अवरोहावर शब्द चिकटवलेले, दर दुसऱ्या ओळीत ‘सखी’ आणि ‘श्याम’, तीनतालात नवव्या मात्रेवरून उठणारा तोच मुखडा, शेवटी स्वतःची मुद्रा. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांच्या साच्यात शिकवून शिकवून बंदिश म्हणजे ‘पाच आलाप, पाच ताना’ लटकवायची खुंटी होऊन बसते. त्यात दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून वर्ग भरले, पण पुष्कळ पालकांना गाण्यापेक्षा प्रमाणपत्राची घाई. अशा वर्गात चांगल्या बंदिशीची मागणीच कोणी करत नाही. हे सगळं मला मान्य आहे. पण वाईट बंदिशी रचल्या जातात म्हणून बंदिश रचणाऱ्याला रचनाकार म्हणायचं नाही, हा न्याय कवितेला लावला तर महाराष्ट्रात कवी किती उरतील? आणि वाईट बंदिशी वाईट आहेत हे कळायला तरी त्या कोणी ऐकायला नकोत का? कौतुकाच्या भाषणांत ‘सरांच्या असंख्य रचना’ म्हटलं की चांगल्या आणि वाईट एकाच पोत्यात जातात. समर्थकांच्या अभिमानाने सरांचं जे नुकसान केलं ते हे.

मातीवाल्यांचा आणखी एक हट्ट आहे: सरांनी अहिराणीत बंदिशी केल्या म्हणून ते थोर. भाषेवर प्रेम मलाही आहे, पण भाषा हा काही गुण झाला नाही. ख्याल ब्रजात आहेत, पंजाबीत आहेत, मारवाडीत आहेत. त्या भाषांना तिथे कोणी आरक्षण दिलं नव्हतं, त्यांचे उच्चार स्वराला सोयीचे पडले म्हणून त्या टिकल्या. अहिराणीचा दावा याच पायावर मांडावा, आणि तो भक्कम आहे. प्रमाण मराठीत गाताना ‘ळ’ जिभेला आडवा येतो. अहिराणीत काळा ‘काया’ होतो, डोळा ‘डोया’ होतो, आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, सरळ पुढे सरकते. ‘मना’, ‘तुना’ असे आकारान्त शब्द बोलीत जागोजागी आहेत, म्हणजे तान घ्यायला आकार आयताच हाताशी. आखाजी, कानबाई या सणांची गाणी चार-पाच स्वरांत फिरतात. नुकत्या शिकू लागलेल्या गळ्याला ती आधीच ठाऊक असतात. सातपुड्यापलीकडे देवासला राहून कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुनांतून राग उभे केले, माळवी शब्द बंदिशीत आणले. ते कुमारही देवधर मास्तरांच्या वर्गातून घडलेले, हे जाता जाता. पण त्यांनी माळवी आहे म्हणून दाद मागितली नाही. आणि अहिराणी म्हणजेच खानदेश हेही खरं नाही. जळगावच्या पूर्वेला लेवा गणबोली आहे, नंदुरबारच्या डोंगरात भिल्ल आणि पावरांच्या बोली आहेत, त्यांची गाणी आणि पावरी या फुंकवाद्याचे सूर वेगळे आहेत. अहिराणीचा झेंडा लावून या सगळ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही.

लेवा गणबोलीचं नाव निघालंच आहे तर बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घेतो. त्या ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या जात्यावर, शेतात सुचायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने त्या उतरवून घेतल्या नसत्या, आणि आचार्य अत्र्यांनी वाचून छापण्याचा आग्रह धरला नसता, तर १९५२ चं पुस्तक निघालं नसतं आणि आज जळगावच्या विद्यापीठाला जे नाव आहे ते नसतं. लक्षात घ्या, अत्र्यांनी आधी वाचलं आणि मग ठरवलं. कोणत्या मोठ्या कवीने बहिणाबाईंची दखल घेतली होती, असं त्यांनी विचारलं नाही. बाई खानदेशी आहेत म्हणूनही छापलं नाही. आपल्या वादात नेमकी ही मधली पायरी गाळली गेली आहे. सरांच्या वह्या एका जागी करून चांगल्या नोटेशनसह, शक्य तर विद्यार्थ्यांच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रणासह बाहेर काढायला एखाद्या नामवंताच्या एका संध्याकाळच्या मानधनाइतका खर्च होईल. बाहेरच्या गवयांच्या मैफली बंद करा असं मी म्हणत नाही. जळगावच्या जानेवारीतल्या महोत्सवात समोर बसून ऐकलं नसतं तर आमच्यातल्या कित्येकांना मोठा ख्याल म्हणजे काय हेच कळलं नसतं, आणि ऐकल्याशिवाय कोणी रचत नाही. पण दरवर्षीच्या खर्चातून एक संध्याकाळ या कामाला देता येते.

सरांनाही हे सोसेल का, हा प्रश्न मी टाळणार नाही. आपल्याकडे गुरुवर्यांच्या पाया पडतात, त्यांच्या बंदिशीत खोट काढत नाहीत. रचनाकाराला मात्र हे संरक्षण नसतं. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या वहीतून मी काही बंदिशी उतरवून घेतल्या आणि पेटीवर बसवून पाहिल्या. मारव्यातली बंदिश मला फसलेली वाटली: मुखडा निषाद-गंधारावर इतका घुटमळतो की समेपर्यंत पूरिया होऊन जातो, आणि ऋषभ-धैवताला अंतऱ्यात कितीही वजन दिलं तरी तो शिक्का पुसत नाही. भैरवातल्या दोन बंदिशी एकाच चालीच्या आहेत, शब्द तेवढे वेगळे. झपतालातली भीमपलासी मात्र निराळी आहे. मुखडा आठव्या मात्रेवर मंद्र निषादापासून उठतो आणि तीन मात्रांत मध्यमावर समेला येतो, षड्जावर टेकत नाही. त्यामुळे प्रत्येक आवर्तनाला मध्यम नव्याने लागल्यासारखा वाटतो. अंतरा तार षड्जावर न थांबता कोमल निषादावरून परत फिरतो, बहुधा फुटलेल्या आवाजाच्या कोणा मुलासाठी तसा केला असावा, पण त्यातून रागाला एक अपुरेपण आलं आहे जे मी भीमपलासीच्या दुसऱ्या बंदिशीत ऐकलेलं नाही. माझा गळा पेटीपुरता आहे, ती विलंबित झपतालात अर्धा तास पेलते का हे मला सांगता येणार नाही. समितीच्या दोन्ही गटांत ते गाऊन बघू शकतील असे निदान दोघे-तिघे आहेत. वही मी देतो.